दुतोंड्या मारुती आणि ‘न भूतो’ची सबब

गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की नाशकात घरोघर एकच प्रश्न विचारला जातो: दुतोंड्या बुडाला का? बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, रामकुंडाजवळ ऐन नदीपात्रात दोन तोंडांची, मारुतीची उंच मूर्ती उभी आहे आणि गोदावरीच्या, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या गंगेच्या, पुराची मोजणी तिच्या अंगावर होते. पाणी पायाला लागले, गुडघ्यावर आले, कमरेला पोचले, छातीला भिडले, गळ्याशी आले आणि शेवटी मारुती बुडाला, असा पूर चढत जातो. धरणातून किती क्युसेक पाणी सोडले याचे आकडे प्रशासन वरचेवर देत असते. तरी भांडीबाजारातला दुकानदार ते आकडे मनातल्या मनात मारुतीच्या अंगावर उतरवून घेतो आणि मगच माल माळ्यावर चढवायचा की नाही ते ठरवतो. मारुतीच्या पुढची मापेही ठरलेली आहेत. सराफ बाजारात सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला पाणी लागले, हे एक माप. आणि १७४७ मध्ये बांधलेल्या नारोशंकराच्या मंदिराच्या घंटेपर्यंत ते पोचले का, हे दुसरे. त्याच्या वरचे माप जुन्या नाशिककराकडे नाही.

या बोलण्याकडे सहसा कौतुकाने, लोकपरंपरेचा एक गमतीदार नमुना म्हणून पाहिले जाते. मला त्याची व्यावहारिक बाजू अधिक मोलाची वाटते. ‘छातीला पाणी’ या दोन शब्दांत जागा आहे, उंची आहे, मागच्या पुराशी तुलना आहे आणि आता काय करायचे याची सूचनाही आहे. परंतु पूर ओसरतो, दहीपुलाखालचा चिखल काढायला सुरुवात होते आणि तेच लोक निराळ्याच भाषेत बोलू लागतात. ‘गेल्या पन्नास वर्षांत असा पाऊस झाला नाही.’ ‘असे पाणी आम्ही जन्मात पाहिले नव्हते.’ वर्तमानपत्रे त्यात ‘न भूतो न भविष्यति’ची भर घालतात. सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर मी हे ऐकले, २ ऑगस्ट २०१६ नंतर ऐकले आणि ४ ऑगस्ट २०१९ नंतर पुन्हा ऐकले. पहिल्या दोन पुरांत आठ वर्षांचे अंतर होते, नंतरच्या दोघांत तीन वर्षांचे. तरी प्रत्येक वेळी मागची पन्नास वर्षे कोरडी गेल्यासारखे बोलले गेले.

ही दुसरी भाषा केवळ अतिशयोक्त आहे असे नाही. अतिशयोक्ती माणूस घाबरला की होतेच आणि ती क्षम्य आहे. माझी हरकत वेगळी आहे. जे पूर्वी कधी घडलेच नाही त्याची तयारी कोणी करायला हवी होती, असे विचारता येत नाही. महापालिकेला ते सोयीचे असते, नदीकाठच्या जागेवर इमारत उभी करणाऱ्याला सोयीचे असते, ती जागा स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्यालाही सोयीचे असते, आणि घाटावर पूर बघायला छत्री घेऊन जाणाऱ्या आपल्यालाही आपण काही अपूर्व पाहिले याचे समाधान मिळते. म्हणूनच हे वाक्य सगळ्यांना एकदम पटते.

‘ढगफुटी’ या शब्दाचेही हेच झाले आहे. हवामानशास्त्र विभागाच्या लेखी तासाभरात सुमारे शंभर मिलिमीटर किंवा अधिक पाऊस वीस-तीस चौरस किलोमीटरच्या छोट्या टापूत कोसळला तर तिला ढगफुटी म्हणतात. आपल्याकडे मात्र पावसाळी गटार तुंबून चौकात गुडघाभर पाणी साचले की दुपारपर्यंत ढगफुटी झाल्याचे भ्रमणध्वनीवर फिरू लागते, सोबत दुसऱ्याच राज्यातली, दुसऱ्याच वर्षीची चित्रफीत असते. महसूल खात्याची ‘अतिवृष्टी’ तर याहून कितीतरी खालची आहे: महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती झाली. हा आकडा ओलांडला की पंचनाम्याची वाट मोकळी होते, त्यामुळे शेतकरी तो नेमका ओळखून असतो. शहरी माणसाला दोन्ही शब्द सारखेच वाटतात आणि तो त्यांतला मोठा उचलतो. ढग फुटला म्हटले की गटाराचा प्रश्न मागे पडतो, हा त्यातला फायदा.

वस्तुतः गोदेच्या पुराचा इतिहास नाशिकला नवा नाही. १८७२ चा पूर जुन्या नोंदींत आहे. गंगापूरचे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले तेव्हा आता गंगा आपल्या मुठीत आली, असे पुष्कळांना वाटले असणार. पुढे चारच वर्षांनी १९६९ चा महापूर आला. त्या पुराची माझी ओळख पाण्याने झाली नाही, एका रेघेने झाली. जुन्या नाशकात माझ्या आत्याचा वाडा होता. त्याच्या ओसरीच्या सागवानी खांबावर, लहान मुलाच्या डोक्याच्या थोडी वर, खिळ्याने ओढलेली एक आडवी रेघ होती आणि तिच्याखाली वेड्यावाकड्या आकड्यांत १९६९ कोरलेले होते. त्या घरात रेघेच्या खाली धान्याची कोठी, कागदपत्रांची पेटी किंवा गाद्या ठेवायच्या नाहीत, असा दंडक होता आणि तो आत्याच्या सुनांनीही पाळला. पुराविषयी त्या घरात कोणी फारसे बोलत नसे, तशी गरजही पडत नसावी. पुढे वाडा पडला. त्या जागी इमारत आली, जमिनीखाली वाहनतळ आला, खांब जुन्या लाकडाच्या वखारीत गेला. २०१९ च्या पुरात त्या वाहनतळातल्या दुचाकी बुडाल्या, तेव्हा तिथे राहणारे एक गृहस्थ मला अगदी मनापासून सांगत होते की, या भागात एवढे पाणी कधी आलेच नव्हते. ते जिथे उभे राहून बोलत होते, तिथून त्या खांबाची जुनी जागा फार तर दहा पावलांवर असेल. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांना सदनिका विकताना रेघेविषयी कोणी सांगितले नव्हते, आणि सांगावे असे कोणावर बंधनही नव्हते.

यावर कोणी म्हणेल की आता अशा घरगुती रेघांची गरज काय, शासनाने २००८ च्या पुरानंतर गोदावरीच्या दोन्ही काठांवर निळी आणि लाल पूररेषा आखून दिल्या आहेतच. आखल्या आहेत हे खरे. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळीच्या आत बांधकाम निषिद्ध आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात ते नियंत्रित, असा तो नियम आहे. पण या रेषा नकाशावर आहेत. जमिनीवर, भिंतीवर, पुलाच्या खांबावर त्या सहसा दिसत नाहीत, आणि जी रेषा दिसत नाही तिच्याविषयी लोक बोलत नाहीत. बोलतात ते बांधकाम परवानगी अडली की, आणि मग चर्चा पुराची नसते, रेषा सरकवून घेण्याची असते.

शिवाय ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्दच फसवे आहेत. ऐकणाऱ्याला वाटते, २००८ मध्ये मोठा पूर येऊन गेला, म्हणजे आता नातवंडांपर्यंत चिंता नाही. शास्त्रात त्याचा अर्थ एवढाच की, असा पूर येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात एक असते. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीचा हिशेब केला तर शंभर वर्षांचा म्हणवणारा पूर त्या काळात निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे सव्वीस टक्के भरते, आणि पंचवीस वर्षांच्या पुराची जवळपास सत्तर टक्के. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या छापील कागदांच्या गठ्ठ्यात हा आकडा मला कधी आढळला नाही. तिथे बाकी सगळ्याची टक्केवारी असते. दुतोंड्याची भाषा या गोंधळातून सुटलेली आहे, कारण ती वर्षे मोजतच नाही. ती आज पाणी कुठवर आहे तेवढे सांगते.

अर्थात दुतोंड्याची भाषाही निर्दोष नाही आणि तिचे गोडवे गाताना हे लपवणे बरे नव्हे. पहिली गोष्ट, मूर्ती तीच असली तरी नदी ती राहिलेली नाही. धरण झाल्यापासून मारुतीच्या अंगावरचे पाणी केवळ पावसाचे नसते. धरणातून किती आणि केव्हा सोडले, नासर्डी आणि वाघाडी यांनी किती आणून टाकले, आणि डांबर-काँक्रीटने झाकलेल्या शहराने किती पाणी मुरू न देता थेट नदीत ओतले, या साऱ्यांची ती बेरीज असते. त्यामुळे एका साली कमरेवर आणि दुसऱ्या साली डोक्यावर अशी सरळ तुलना करून पाऊस किती वाढला ते ठरवता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. हे माप शहराचे आहे. मारुतीच्या गळ्यापर्यंत आलेले पाणी ओसरू लागले की नाशिककर सुटकेचा श्वास सोडतो, वर ‘चला, जायकवाडी तरी भरेल’ असेही म्हणतो. तेच पाणी मग खाली निफाड तालुक्यात उतरते, नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे फुगते आणि चांदोरी, सायखेडा या गावांत शिरते. त्या गावांनी पुरात घरे सोडल्याच्या बातम्या येतात, पण छायाचित्र दुतोंड्याचेच छापले जाते. चांदोरीच्या माणसाला स्वतःचे पाणी मोजायला मारुती नाही, आणि असला तरी त्याच्या कमरेची चौकशी करणारे कोणी नाही.

गावाकडे आपत्तीविषयीचे बोलणे मुळातच निराळे असते. पूर्वी नक्षत्रांच्या म्हणींनी पावसाच्या टोकाला पंचांगातच जागा करून ठेवली होती. ‘न पडतील मघा तर वरतीच बघा’ म्हणणाऱ्याला पावसाची दडी अपूर्व वाटत नसे आणि ‘पडेल हत्ती तर पाडील भिंती’ म्हणणाऱ्याला हस्ताच्या मुसळधारेचे नवल नसे. आजचा द्राक्ष बागायतदार म्हणींवर चालत नाही, तो भ्रमणध्वनीवर वाऱ्याचे नकाशे पाहतो. पण साल लक्षात ठेवण्याची रीत जुनीच आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये आले ते ‘फयान’ चक्रीवादळाचे साल, फेब्रुवारी-मार्च २०१४ चे ते गारपिटीचे साल. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारांविषयी विचारा, छाटणीला किती दिवस झाले होते, घड कोणत्या अवस्थेत होते, गार बोराएवढी होती की लिंबाएवढी, ढग कोणत्या शिवारावरून कोणत्या शिवारावर गेला, हे सगळे तो सांगेल. ही साक्ष ‘जन्मात पाहिले नाही’ या जातीची नसते, कारण ज्याचे पैसे गेले तो तपशील विसरत नाही.

आणि हीच साक्ष सरकारदरबारी सर्वांत कमी चालते. गारपीट चिंचोळ्या पट्ट्यात होते; बांधाच्या अलीकडची बाग ओरबाडून निघते, पलीकडच्या बागेचे पानही फाटत नाही. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याचा निवाडा मात्र मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर सुमारे दोन हजार महसूल मंडळांत अशी केंद्रे उभी राहिली, ही मोठीच सुधारणा आहे; तरी एका मंडळात अनेक गावे येतात आणि केंद्र एकाच जागी असते. तिथे पाऊस बेताचा झाला तर सात-आठ किलोमीटरवरच्या अतिवृष्टीला कागदोपत्री अस्तित्व नसते. मदतीसाठी तेहतीस टक्क्यांहून अधिक नुकसान दाखवावे लागते आणि तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत बागायतदाराने फवारणी करून, कुजके घड काढून बाग सावरायला घेतलेली असते. शहरात अधिकृत रेषा आहे आणि लोकांना तिची आठवण नाही, तर शिवारात लोकांना आठवण आहे पण तिला अधिकृत माप नाही, असा हा उलटा प्रकार आहे.

थंडीबाबत आपण याहून उथळ आहोत. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा १.८ अंशांपर्यंत उतरला, तेव्हा गोठलेल्या दवाची छायाचित्रे फिरली आणि निफाडला महाराष्ट्राचे काश्मीर म्हणून झाले. नाशिकची नोंद त्याहून खाली, ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंशांपर्यंत गेलेली आहे, हे कोणाला आठवले नाही. त्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवून आणि ठिबक चालू ठेवून मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून जागणाऱ्या माणसाला काश्मीरची उपमा कशी वाटली असेल, ते विचारायलाही कोणी गेले नाही.

दुष्काळाची आठवणही तपासून घ्यावी अशीच आहे. एप्रिल २०१६ मध्ये रामकुंड कोरडे पडले तेव्हा शंभराहून अधिक वर्षांत प्रथमच असे घडल्याचे सांगण्यात आले आणि सर्वांनी आकाशाकडे बोट दाखवले. पाऊस लागोपाठ कमी झाला होता यात शंका नाही. पण कुंडाच्या तळाला कुंभमेळ्याच्या निमित्ताने काँक्रीट घातले गेल्यामुळे तिथले जिवंत झरे बंद झाले, ही तक्रार नदीसाठी झटणारे लोक वर्षानुवर्षे करत होते आणि त्यासाठी न्यायालयापर्यंत गेले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या रामकुंडाला तळात काँक्रीट नव्हते. मग शंभर वर्षांची तुलना पावसाशी करायची की काँक्रीटशी, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात फार थोड्यांनी विचारला.

अलीकडे ‘देवाची करणी’ची जागा ‘हवामान बदल’ने घेतली आहे. बदल खोटा आहे असे मी मुळीच म्हणत नाही. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्र आहे; आणि १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. पण हे मान्य केले की निष्कर्ष उलटा निघायला हवा. जर अशा घटना वाढणार असतील, तर ‘असे कधी घडले नव्हते’ या वाक्याला काही किंमतच उरत नाही, आणि निळ्या रेषेच्या आत भराव टाकणे पूर्वीपेक्षा अधिक अक्षम्य ठरते. आपण मात्र हवामान बदलाचा उच्चार भराव टाकून झाल्यावर करतो.

इशाऱ्यांच्या बाबतीतही थोडे बोलले पाहिजे, कारण तिथली थट्टा मला धोक्याची वाटते. ‘रेड अलर्ट दिला, शाळा बंद ठेवल्या आणि कडक ऊन पडले’ असे दर पावसाळ्यात नाशिक शहरात म्हटले जाते. इशारा जिल्ह्याला असतो. या एका जिल्ह्यात इगतपुरीचा घाटमाथा आहे, जिथे वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो, आणि येवलाही आहे, जिथे तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. इगतपुरी-त्र्यंबकला इशारा तंतोतंत खरा ठरलेला असताना कॉलेज रोडवर ऊन पडू शकते, आणि त्र्यंबकचे तेच पाणी काही तासांनी दुतोंड्यापाशी हजर होते. तालुकानिहाय इशारे द्यावेत ही मागणी रास्त आहे. इशाऱ्यावर हसणे रास्त नाही.

हे सारे आता बोलण्याला एक निकडीचे कारण आहे. नाशिकचा सिंहस्थ ऐन पावसाळ्यात येतो, आणि येत्या सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ च्या सोमवती अमावास्येला जाहीर झाले आहे. २ ऑगस्ट हीच २०१६ च्या पुराची तारीख. यावरून भाकीत करायचे नाही. ऑगस्ट-सप्टेंबर हे इथल्या पुरांचेच महिने आहेत, एवढेच त्यातून दिसते. त्या दिवशी घाटावर येणारा यात्रेकरू विदर्भातला असेल, बिहारमधला असेल, आणि ‘मारुतीच्या कमरेला पाणी लागले’ या वाक्याचा त्याला काही बोध होणार नाही. स्वयंसेवकाने ध्वनिक्षेपकावरून क्युसेकचे आकडे वाचून दाखवले तरी होणार नाही. त्याला दगडावरची रेघ कळेल. तेव्हा रामकुंडापासून तपोवनापर्यंतच्या घाटांवर, होळकर पुलाच्या आणि गाडगे महाराज पुलाच्या खांबांवर, सराफ बाजारात, भांडीबाजारात, आणि शहराच्या नकाशात नसलेल्या चांदोरी-सायखेड्याच्या वेशीवरही, दप्तरी नोंद असलेल्या प्रत्येक मोठ्या पुराची पातळी सालासह कोरावी, निळी-लाल रेषा जिथे जमिनीला टेकते तिथे ती रंगवावी आणि त्या रेषेच्या आतली प्रत्येक सदनिका विकताना खरेदीखतात तसे लिहिणे सक्तीचे करावे. कुंभासाठी घाटांवर दगड बसतोच आहे. तो बसवतानाच १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ हे आकडे कोरून घ्यायला एखाद्या पाथरवटाची चार दिवसांची मजुरी पडेल, आणि एखादे साल चुकले तर ते दाखवून द्यायला जुन्या नाशकातली पाच-पन्नास म्हातारी माणसे अजून हयात आहेत.